तात्या, तुम्ही वर्षभर घराला हात लावू दिला नाहीत म्हणून

तीर्थस्वरूप तात्यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही आलात, अर्धा कप चहा घेतलात, भिंतीवरून हात फिरवलात आणि मी काही बोलायच्या आत सायकल काढून निघालात. पाकीट पुढं केलं तर "मजुरी मिळाली की बाई, हे कशाचं?" म्हणालात. गवंडीकामाचे ५९ दिवस माझ्या वहीत आहेत, त्याची मजुरी तुम्ही घेतलीत. त्याआधी वर्षभर जे येऊन बसत होतात, बघत होतात, आम्हाला थांबवत होतात, त्याची नोंद कुठंच नाही. त्या वर्षाचे आभार मानायचे राहिले आहेत. पत्र उघड लिहितेय, कारण औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या भागात अजून कितीतरी माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छपराची जुनी घरं, उभी आहेत, आणि २०२४ च्या चैत्रात आमच्या मनात होतं तेच त्यांच्या मालकांच्या मनात असणार. पाडावं आणि स्लॅब टाकावा.

तुम्हाला तर मुळात आम्ही सल्ल्यासाठी बोलावलंच नव्हतं. जुना दगड आणि सागवान कितीला जाईल, एवढंच विचारायचं होतं. ठेकेदार ठरला होता. नऊ खणांचं घर जमीनदोस्त करायचं, कॉलम उभे करायचे, वर स्लॅब, खाली पीओपी, दोन खोल्यांत एसी. धाकटा भाऊ पुण्याहून बयाणा घेऊन आला होता. तुम्ही ओसरीवर उभे राहिलात, तुळयांकडं बघितलंत, खांबावर बोटांची गाठ वाजवलीत आणि दगडाचा भाव सांगायच्या ऐवजी विचारलंत, "आई कुठं झोपत्यात?"

आई परसात पत्र्याच्या शेडमध्ये झोपते, हे सांगताना मला लाज वाटली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून ती घराच्या छताखाली झोपलेली नाही. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होऊन गावाचा नुकता डोळा लागला होता, चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचं गाव किल्लारीपासून लांब, घर उभं राहिलं, फक्त मागची भिंत तडकली. पण आईचं माहेर त्या पट्ट्यातलं. दिवसभर ती घरात वावरते, स्वयंपाक करते, देवपूजा करते, आणि दिवेलागण झाली की वाकळ उचलून शेडमध्ये जाते. वैशाखात पत्रा रात्रीसुद्धा तापलेला असतो, तरी जाते. आम्ही ते गृहीत धरलं होतं. घराच्या आराखड्यात त्याला जागा आहे हे तुम्हाला सुचलं, आम्हाला नाही.

मग तुम्ही म्हणालात, "पाडायचं का ठेवायचं ते मागनं बघू. आधी एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा घराकडं बघा. वही घाला." भाऊ चिडला. तुम्ही उठला नाहीत.

वही मी घातली. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन तापमापक आणले आणि मे महिनाभर रोज दुपारी ३ आणि रात्री १० ला आकडे टिपले. अंगणातल्या सावलीत ४१ असताना माळवदाखालच्या मधल्या घरात ३३. काकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाजूला बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत ३८. रात्री १० ला अंगण ३२ वर उतरायचं आणि स्लॅबची खोली ३६ वरच! पहिल्यांदा वाटलं तापमापक बिघडलाय, म्हणून अदलाबदल केली. आकडे तेच. तुम्हाला वही दाखवली तर तुम्ही मला स्लॅबच्या खोलीत नेलंत आणि हात उंच करून छताला लावायला सांगितलंत. रात्री साडेदहाला ते सिमेंट तव्यासारखं कोमट होतं. पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. आमच्या घरातला एकमेव कूलर त्याच खोलीत होता आणि उन्हाळ्याचं वाढीव वीजबिल जवळजवळ सगळं तिथलं होतं. त्याच स्लॅबचं सगळं घर करायला निघालो होतो आम्ही!

पावसाळ्यात तुम्ही सांगितलंत तसं पाणी कुठं टपकतं, कुठं साचतं, भिंत किती उंचीपर्यंत ओली होते, तिथं खडूनं रेघ मारून तारीख लिहायची. ऑगस्टपर्यंत आतल्या भिंतीवर गुडघ्याच्या वर रेघा गेल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी 'पक्कं' व्हावं म्हणून आम्ही आतून सिमेंटचा गिलावा केला होता. त्यावर अंगठा दाबून तुम्ही बाजूला सरकवलात आणि पापुद्रा सुटून पांढरी भुकटी खाली सांडली. लोणा. भिंत दगड-मातीची, खालून ओल चढणारच, ती अंगावाटे सुकायला हवी. आम्ही तिचं अंग बुजवून टाकलं, म्हणून ओल वर वर चढत गेली आणि क्षार घेऊन बाहेर फुटली. आम्ही दर दिवाळीला त्यावर डिस्टेंपर मारत होतो.

आणि मग तो नोव्हेंबरमधला रविवार. तुम्ही शिडी लावून माळवदावर चढलात, मला वर बोलावलंत आणि कोपऱ्यात टिकावानं हातभर रुंदीचा खड्डा घेतलात. पांढरी माती, मग थोडी काळपट, परत पांढरी, मध्ये कुजलेला लिंबाचा पाला, परत माती. पोळीच्या पदरांसारखे थर. दरवर्षी मृगाच्या आधी गळती नको म्हणून नवी माती टाकायची, जुनी कुणी काढायची नाही. फळ्या लागेपर्यंत टेप सोडला, २४ इंच भरले. मी तिथंच बसून हिशोब केला: ३० बाय २४ फुटांचं छप्पर, आठ इंच ठेवून बाकी काढली तरी चाळीस टनांवर माती. एवढं वजन आमच्या डोक्यावर होतं, आणि त्यातलं बरंच माझ्या आजोबा-पणजोबांनी पाटी पाटीनं काळजीपोटीच वर नेलेलं.

भूकंपाच्या त्या रात्रीबद्दल तुम्ही कधी बोलत नाही. भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामावर तुम्ही गावोगाव फिरलात एवढं मला ठाऊक होतं. त्या खड्ड्याशेजारी बसून तुम्ही एकच बोललात: "माणसं हादऱ्यानं न्हाई मेली बाई, मातीखाली मेली." आणि टिकाव उचलून खाली उतरलात.

खरं नियोजन तिथून सुरू झालं. आधी वजन, मग ओल, मग ऊन, सगळ्यात शेवटी वीज. ठेकेदाराच्या कागदावर हे बरोबर उलटं होतं, एसीपासून सुरू. तुमचा क्रम मी फळ्यावर लिहावा तसा दारामागं खडूनं लिहिला, तो अजून तिथं आहे. दुसरी गोष्ट जी मी विसरणार नाही: "मी गवंडी हाय, हिशोब इंजिनिअरचा," म्हणून तुम्हीच लातूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायला लावलात आणि त्यांच्या मागं मागं हातात ओळंबा घेऊन शिकणाऱ्या पोरासारखे फिरलात. पन्नास वर्षं थापी धरलेल्या माणसानं! त्यांनी तुमच्या यादीत भर घातली ती खांब आणि तुळईच्या कोपऱ्यांत तिरक्या लोखंडी पट्ट्यांची, बाकी यादी होती तशी ठेवली.

माती उतरवायला १४ ट्रॉल्या लागल्या. तिचा एक कणही वाया गेला नाही, निम्मी शेजारच्या दोघांनी नेली, उरलेली चाळून आपण गिलाव्याला आणि परसाच्या भिंतीला वापरली. आठ इंच मातीच्या पोटात जाड प्लास्टिक अंथरलं, वर नीट उतार, टोकाला नव्या पन्हाळी. मागच्या भिंतीला पोट सुटलं होतं. दोन पदरी भिंत, मध्ये नुसती भर, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड जवळपास नव्हताच. तुम्ही पहारीनं एकेक दगड हलवत आरपार भोक पाडायचात, त्यात दोन्हीकडं वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट ठासायचात. दिवसाला फार तर चार. मी विचारलं होतं, "तात्या, सिमेंट चालतं मग?" तुम्ही म्हणालात, औषध म्हणून चालतं, भाकरी म्हणून न्हाई.

सिमेंटच्या गिलाव्याच्या जागी केलेल्या चुन्याबद्दल मात्र सविस्तर लिहिलंच पाहिजे. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, हौदात टाकली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. पाणी पडलं तसं ते खदखदायला लागलं, वाफेचे लोट उठले, पोरं ओरडत मागं पळाली. नंतर तो महिनाभर पाण्याखाली ठेवायचा, रोज बघायचं, पाणी आटू द्यायचं नाही. एकतिसाव्या दिवशी तुम्ही हौदात हात घालून गोळा वर काढलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. लोणी! बोटांत धरवत नव्हता इतका मऊ. त्यात तीन भाग वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, आणि मळणी अशी की मजूर कंटाळून बसले. भाऊ फोनवर विचारायचा, एक भिंत व्हायला आठ दिवस? हो, आठ दिवस. घाई केलेला कोपरा तडकला आणि तुम्ही न बोलता तो खरवडून परत केलात. यंदाच्या पावसाळ्यात मी पुन्हा खडू घेऊन फिरले. गुडघ्याच्या वर गेलेली रेघ आता वीतभर उंचीला थांबली आणि दसऱ्यापर्यंत भिंत कोरडी झाली.

ऊन परत फिरावं म्हणून स्लॅबच्या खोलीच्या छतावर फरशीच्या दुकानातले पांढरे फुटके तुकडे बसवले. आठवीच्या मुलींनी दोन दुपारी बसून रंगीत तुकडे वेगळे केले. या मेमध्ये त्या खोलीत दुपारी ३ ला ३४ च्या पुढं आकडा गेला नाही, आणि कूलर आम्ही आईच्या बहिणीला देऊन टाकला.

विजेचं तुमच्या नातीनं केलं. ती आयटीआयला इलेक्ट्रिकल करते, तिचेही आभार मला इथंच मानायचे आहेत. तिनं बिलं मांडली, तीन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे काढून ३० वॅटच्या आतले बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, बसवले, महिन्याला पन्नासेक युनिट तिथंच वाचली. आधी तीन किलोवॅटचं सोलर घेणार होतो, या सगळ्यानंतर दोन पुरलं. पीएम सूर्यघर योजनेतून त्याला ६० हजारांचं अनुदान मिळालं. माळवदाला भोकं पाडायची नाहीत हे तिचंच म्हणणं, म्हणून पॅनेल स्लॅबवर, दक्षिणेला तोंड करून. दिवसाला आठेक युनिट येतात. एवढं पुरे, कारण त्याआधीच घरानं मागणी कमी केली होती.

खर्च ठेकेदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त झाला. वेळ त्याच्या दुप्पट लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, विचारणाऱ्यांना मी दोन्ही सांगते.

सवण्यांचं, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या झरोक्यांचं, तुम्हाला मुद्दाम कळवायचं होतं. गळतात म्हणून वडिलांनी दोन्ही सवणी फरशी टाकून बंद केली होती आणि तेव्हापासून मधल्या घरात दिवसाही बल्ब लागायचा. तुम्ही ती उघडून वर काच बसवलीत, कडेनं हवा जायला फट ठेवलीत. पहिल्याच दिवशी उजेडाचा तो चौकोनी तुकडा जमिनीवर पडला आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. "ऊन जात्यापाशी आलं की चहा ठेवायचा, असं सासूबाई म्हणायच्या," ती म्हणाली. जातं तिथं आता नाही, पण आईला जागा आठवत होती. दुपारी ऊन तिथं पोचलं तेव्हा मी घड्याळ बघितलं, चारला दहा कमी होते. चहा तेव्हाच होतो आता.

आईला मी काही म्हणाले नव्हते. तुम्हीच बजावलं होतं, "त्यांना आत झोपा म्हणू नका, घर दाखवा फकस्त." माती उतरवताना ती रोज अंगणात बसून ट्रॉल्या मोजायची. भिंतीतून सळई आरपार आली की दोन्ही बाजूंनी जाऊन बघायची. कोजागरीनंतर तीन दिवसांनी, रात्री साडेनऊला, मी वह्या तपासत बसले होते. आई परसातून आली, काखेत वाकळ होती. काही न बोलता मधल्या घरात, खांबाच्या अलीकडं अंथरली आणि दिवा मालवायला सांगितला. पहाटे मी दोनदा उठून बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती, हात चुन्याला टेकलेला.

तात्या, हौदात दोन पाट्या चुना शिल्लक आहे. पाणी घालून ठेवलाय, आटू दिलेला नाही. तुमच्या हाताखाली दुसरं घर लागलं की निरोप पाठवा, मी पोचता करते. आणि पुढच्या वेळी चहा पूर्ण कप घ्यायचा, ऊन जात्यापाशी येईपर्यंत बसायचं.

तुमचीच,
नऊ खणांच्या घरातली बाई