निरंक काचपट्ट्या पुन्हा कोण पाहतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की हिवतापाचे आकडे छापून येतात : इतके रक्तनमुने तपासले, त्यांत इतके दूषित. उरलेले सगळे निरंक, म्हणजे त्यांत हिवतापाचा परजीवी दिसला नाही. गडचिरोली जिल्ह्यात मी अनेक वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. माझी काळजी रक्ताच्या या निरंक काचपट्ट्यांची आहे.

जाड थेंबाची (पट्टीवरच्या रक्ताच्या जाडसर ठिपक्याची) किमान १०० क्षेत्रे, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे भाग, तेलाच्या भिंगाखाली पाहिल्याशिवाय ‘निरंक’ लिहायचे नाही, असे आम्हाला शिकवले जाते. एवढे करूनही पाहून होते ते जेमतेम पाव मायक्रोलिटर रक्त. साथीच्या दिवसांत मात्र गावोगावचे गठ्ठे टेबलावर साचतात आणि शंभराची पन्नास क्षेत्रे कधी झाली ते कळत नाही. रंगद्रव्य शिळे असेल किंवा पाण्याचा सामू बिघडलेला असेल, तर परजीवीची बारीक अंगठी (त्याचे अंगठीसारखे दिसणारे कोवळे रूप) फिकी पडून निसटते. उलट रंगाचा कण किंवा रक्तातलाच बिंबाणू (प्लेटलेट) परजीवी म्हणून नोंदला जातो.

यासाठीच फेरतपासणी आहे. दूषित पट्ट्या आणि निरंकांपैकी काही टक्के वरच्या प्रयोगशाळेत जातात. पण मी काम केले तिथे निरंक पट्ट्या निवडायचा तोच, ज्याने त्या वाचल्या. साहजिकच स्वच्छ, सुरेख रंगलेल्या पट्ट्या वर जायच्या. सोबत निकालाचा कागदही जायचा. आधीचा निकाल समोर ठेवून पट्टी पाहिली की डोळा तेच पाहतो. जागतिक आरोग्य संघटना फेरतपासणी निकाल झाकून करायला सांगते, शिवाय परजीवी अगदी तुरळक असलेल्या पट्ट्या त्यात मुद्दाम घ्यायला सांगते. ते रास्त आहे, कारण चूक तिथेच होते. रुग्ण कमी झाले की सरसकट उचललेल्या निरंक पट्ट्या बहुतेक खरोखरच निरंक निघतात आणि कच्चा वाचणाराही पक्का ठरतो.

प्रकार ओळखण्यातली चूकही साधी नाही. पी. व्ही.ला (प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीच्या हिवतापाला) समूळ उपचारासाठी १४ दिवस प्रायमाक्विन लागते. तो पी. एफ. (प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरम, जास्त घातक प्रकार) म्हणून नोंदला गेला, तर यकृतात दडलेला परजीवी काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. उलट झाले, तर पी. एफ.च्या रुग्णाला पी. व्ही.चे, पी. एफ.वर भरवशाचे नसलेले क्लोरोक्विन मिळते आणि ताप मेंदूवर जाऊ शकतो. जलद चाचणी किट आले म्हणून सूक्ष्मदर्शक सुटत नाही, पी. एफ. बरा झाल्यावरही किट कित्येक आठवडे दूषितच दाखवू शकते.

देशाला २०२७ पर्यंत स्थानिक हिवताप शून्यावर आणायचा आहे. तेव्हा आरोग्य विभागाने पट्ट्यांची निवड वाचणाऱ्याच्या हातून काढून नोंदवहीतल्या क्रमांकांवरून चिठ्ठ्या टाकून करावी. निकाल झाकावा. आणि चूक सापडली, तर चार महिन्यांनी शेरा पाठवण्याऐवजी ती पट्टीच त्याच महिन्यात तंत्रज्ञाकडे परत यावी, म्हणजे निसटलेली अंगठी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. मला ती संधी फार क्वचित मिळाली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
गडचिरोली