किंग जगले असते तर : मेम्फिसहून आई-बाबांना पत्र

मेम्फिस,
५ एप्रिल

आदरणीय आई आणि बाबा,
सविनय जयभीम.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते, की मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली नसती आणि ते म्हातारे होईपर्यंत जगले असते, तर अमेरिकेतले काळे आणि गोरे आज एकमेकांशी कसे वागले असते. मी "बरेच बरे वागले असते" एवढे बोलून विषय सोडून दिला आणि नंतर आठवडाभर ते उत्तर मला टोचत राहिले. इतक्या वर्षांनी तुम्ही हा प्रश्न मला का विचारला, हे मला ठाऊक आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेसाठी, आजोबांचे बोट धरून नायगावच्या चाळीतून दादरपर्यंत चालत गेलेला दहा वर्षांचा मुलगा तो प्रश्न विचारत होता. बाबासाहेब आणखी दहा वर्षे असते तर, हे वाक्य मी आपल्या घरात इतक्यांदा ऐकले आहे, की या प्रश्नाला फोनवरचे दोन शब्द पुरणार नाहीत. म्हणून हे पत्र.

काल ४ एप्रिल, किंग यांचा स्मृतिदिन होता. संध्याकाळी मी लोरेन मोटेलपाशी गेले. तिथे १९९१ पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. ३०६ क्रमांकाच्या खोलीसमोरच्या सज्जाच्या कठड्यावर लाल-पांढऱ्या फुलांचे चक्र लावलेले असते आणि खाली त्या काळातल्या दोन मोटारी उभ्या आहेत. त्या सज्जात १९६८ साली संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटाने त्यांना गोळी लागली. तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीस होते. म्हणजे बाबा, ते तुमच्याहून फक्त सतरा वर्षांनी मोठे होते आणि गेले तेव्हा माझ्या आजच्या वयाहून लहान होते. सज्जाखाली उभे राहिल्यावर तो किती साधा, किती अरुंद आहे हे जाणवते. अशा सज्जातून आपल्या चाळीतल्या बायका खाली भाजीवाल्याला हाक मारत.

ते मेम्फिसला का आले होते, हे बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते आणि मला सर्वांत आधी तेच सांगायचे आहे. ते आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय कामगार पाऊस लागू नये म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले, गाडीचे दाबयंत्र बिघाडामुळे सुरू झाले आणि दोघे त्यात चिरडले गेले. त्याच आठवड्यात पावसामुळे काम थांबले तेव्हा कृष्णवर्णीय कामगारांना घरी पाठवून त्यांचा पगार कापला गेला आणि गोऱ्या पर्यवेक्षकांना मात्र पूर्ण दिवसाचा पगार मिळाला. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर एकच वाक्य होते : मी माणूस आहे.

आई, हे कामगार घरांच्या मागच्या अंगणातून कचऱ्याचे टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणत आणि गळक्या टबांतले पाणी त्यांच्या अंगावर सांडत असे. आजोबा सफाईच्या कामावरून आले की आजी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत, रॉकेलचा हात फिरवून धुवायची, असे तू सांगतेस ना? माझ्या शेजारी एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. त्यांचे वडील त्या संपात होते. वडील घरी आले की त्यांची आई त्यांना मागच्या दारीच कपडे काढायला लावत असे, असे त्यांनी मला सांगितले तेव्हा मला क्षणभर कळेना, की मी कोणाच्या घरची गोष्ट ऐकते आहे.

बाबांचा प्रश्न मी या शेजाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, की आमच्या घरात किंग वाचले असते तर, असे कोणी कधी म्हणत नसे. आमची आई म्हणायची, त्या दिवशी त्या दोघांना पावसात उभे राहायला एखादा पडवीचा आडोसा मिळाला असता तर. मला वाटते, खरा प्रश्न त्या बाईने विचारला. किंग या शहरात दोन माणसांच्या मरणामागून आले आणि ते स्वतः गेले तेव्हा त्या दोन माणसांची नावे त्यांच्या नावाखाली झाकली गेली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझे प्रामाणिक मत असे आहे, की किंग जगले असते तर काळ्या-गोऱ्यांचे संबंध आजच्यापेक्षा गोड झाले नसते. ते कदाचित अधिक ताणलेले राहिले असते, पण ताण कशावरून आहे हे उघडपणे बोलले गेले असते. आज सगळी अमेरिका त्यांना आपले मानते. अध्यक्ष रेगन यांनी १९८३ साली त्यांच्या नावाच्या राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर सही केली आणि दर जानेवारीत ती पाळली जाते. पण १९६६ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने केलेल्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याविषयीचे मत प्रतिकूल होते. त्याच वर्षी शिकागोत, कृष्णवर्णीयांना कुठेही घर घेता आले पाहिजे या मागणीसाठी मोर्चा काढला असता, त्यांच्या डोक्याला दगड लागला आणि एवढा द्वेष आपण मिसिसिपीतही पाहिला नव्हता, असे त्यांनी सांगितले. ४ एप्रिल १९६७ रोजी, मृत्यूच्या बरोबर एक वर्ष आधी, त्यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधून व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, तेव्हा त्यांची बाजू घेणारी वृत्तपत्रेही उलटली. म्हणजे ज्या माणसाला आपण गमावले असे लोक म्हणतात, त्याला तो असताना बहुसंख्य लोक दूर लोटत होते.

जानेवारीतल्या त्या सुट्टीच्या आधी आमच्या कामाच्या ठिकाणी एकत्र न्याहारी असते. पडद्यावर १९६३ च्या वॉशिंग्टनमधील भाषणातले स्वप्नाचे वाक्य झळकते, सगळे टाळ्या वाजवतात. कचऱ्याच्या टबांचा उल्लेख कोणी करत नाही, आणि ज्या रस्त्यांवरून संपकरी चालले ते तिथून मोटारीने काही मिनिटांवर आहेत. गेलेला माणूस मध्ये उठून हरकत घेऊ शकत नाही. पन्नाशीतले, साठीतले किंग त्या न्याहारीला आले असते, तर स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्यांना तासाला किती मिळतात हे त्यांनी आधी विचारले असते, असे मला वाटते, कारण शेवटच्या दोन वर्षांत ते नेमके हेच विचारत होते.

त्यांनी आखलेली शेवटची मोठी मोहीम गरिबांची होती. तीत कृष्णवर्णीयांबरोबर अॅपलेशियाच्या डोंगरांतले गरीब गोरे, मेक्सिकन वंशाचे शेतमजूर, पोर्तो रिकोचे लोक आणि मूलनिवासी यांना वॉशिंग्टनला आणून, सरकार काम, घर आणि किमान उत्पन्नाची हमी देत नाही तोवर तिथून हलायचे नाही, असा बेत होता. ते गेल्यावर त्यांचे सहकारी राल्फ अॅबरनेथी यांनी ती मोहीम पुढे नेली. मे महिन्यात राजधानीच्या हिरवळीवर लाकडी झोपड्यांची वसाहत उभी राहिली, पावसाने तिथे चिखल झाला आणि २४ जूनला पोलिसांनी ती उठवली. बाबा, मला सर्वांत जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते. गरीब गोऱ्याला आणि गरीब काळ्याला एकाच चिखलात एकत्र बसवण्याचे वजन त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या शब्दात होते, असे मला दिसत नाही. अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या रॉबर्ट केनेडींकडे थोडेफार होते, तर जूनमध्ये त्यांचीही हत्या झाली. गोऱ्या गरिबाला "तुझे दुखणे काळ्यामुळे आहे" असे सांगणारे राजकारण मात्र तेव्हाच जोर धरत होते. वर्णविभक्ततेचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी त्या नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीत दक्षिणेतली पाच राज्ये जिंकली आणि निक्सन एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने अध्यक्ष झाले. किंग यांच्या हत्येनंतर शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या नसत्या, तर त्या निवडणुकीत कायदा आणि सुव्यवस्थेच्या घोषणेला एवढी धार आली असती का? मला नाही वाटत. पण वॉलेस यांचे मतदार त्या दंगलींतून जन्मले नव्हते, ते आधीपासून होते, हेही मला नाकारता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहिताना मला जड जाते. त्यांच्या मरणाने जे मिळाले, ते त्यांच्या जगण्याने त्या वर्षी मिळाले असते असे खात्रीने म्हणता येत नाही. घरविक्रीत आणि भाड्यात वर्णभेदाला बंदी करणारे विधेयक १९६६ मध्ये सिनेटमध्ये बुडाले होते, १९६८ च्या मार्चमध्ये तिथून पार पडले तरी दुसऱ्या सभागृहात अडकून होते. अंत्यविधी ९ एप्रिलला झाला, १० तारखेला विधेयक मंजूर झाले आणि ११ तारखेला अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. इकडे मेम्फिसचे महापौर दोन महिने जागचे हलले नव्हते, तेही १६ एप्रिलला तडजोडीला आले. संघटनेला मान्यता मिळाली आणि मजुरी दोन टप्प्यांत तासाला १५ सेंटांनी वाढली. एका माणसाचा जीव, तासाला १५ सेंट, असा हिशेब मी काल त्या सज्जाखाली उभी राहून करत होते.

पण त्याच कायद्याची अंमलबजावणीची बाजू इतकी लंगडी ठेवली गेली, की तिला दात यायला १९८८ ची दुरुस्ती लागली. त्या वीस वर्षांत किंग हयात असते, तर त्यांनी त्या कायद्याचा पिच्छा सोडला नसता, एवढे मी ठामपणे म्हणते. घर कुठे घेता येते यावर इथे मुलाची शाळा ठरते, बापाच्या मागे राहणारी मालमत्ता ठरते, शेजारी कोण असणार हेही ठरते. या शहरात १९७३ साली न्यायालयाच्या आदेशाने शाळांमधल्या काळ्या-गोऱ्या मुलांचे एकत्रीकरण सुरू झाले, तेव्हा हजारो गोऱ्या मुलांना सरकारी शाळांतून काढून खासगी शाळांत घातले गेले. आज मेम्फिसमध्ये दहापैकी सहाहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. माझ्या कामावर काळे आणि गोरे एका टेबलाशी बसून जेवतात, एकमेकांच्या मुलांची चौकशी करतात आणि संध्याकाळी दोन निराळ्या दिशांना गाड्या वळवतात. वैर असे म्हणावे तर दिसत नाही. अंतर आहे आणि त्या अंतराची सर्वांना सवय झाली आहे. किंग यांनी ती सवय होऊ दिली नसती. त्यांनी अंतर मिटवले असते असे मात्र मी म्हणणार नाही.

त्यांचे जे सहकारी जगले, त्यांच्याकडे पाहिले की थोडा अंदाज येतो. मतदानहक्काच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या मारात डोके फुटलेले जॉन लुइस २०२० पर्यंत जगले आणि तीन दशकांहून अधिक काळ अमेरिकेच्या संसदेचे, म्हणजे तिथल्या काँग्रेसचे, सदस्य होते. मतदानहक्काच्या ज्या कायद्यासाठी त्यांनी मार खाल्ला, त्याचा कणा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला आणि ते हयात असूनही त्यांना ते थांबवता आले नाही. एका माणसाच्या आयुष्यावर किती भार टाकायचा, हे त्यावरून मी शिकते आहे.

बाबा, १९५९ साली किंग पत्नी कोरेटा यांच्यासह महिनाभर भारतात होते, मुंबईत मणी भवनात राहिले होते. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोन वर्षे उलटली होती, त्यामुळे ती भेट व्हायची राहिलीच. त्या दौऱ्यात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख "अमेरिकेतून आलेले आपले एक अस्पृश्य बांधव" अशी करून दिली. १९६५ च्या एका प्रवचनात ही आठवण सांगताना ते म्हणाले, की आधी मला धक्का बसला, मग विचार केला आणि पटले, की होय, मी अस्पृश्य आहे. हे मी शेजाऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी आजोबांविषयी विचारायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांप्रमाणे आजोबांच्या कपड्यांवरही क्रमांक असे का, असा त्यांचा पहिला प्रश्न होता.

आई, लोखंडी पेटीत तळाशी, आजीच्या नऊवारीच्या घडीत आजोबांचा पितळी बिल्ला आहे. तो चिंच लावून स्वच्छ करून, उजेडात ठेवून त्याचा फोटो मला पाठव. क्रमांक नीट वाचता आला पाहिजे. आणि बाबा, त्या डिसेंबरात दादरला जाताना आजोबा वाटेत काय बोलले, ते तुम्ही मला कधी पुरते सांगितलेले नाही. आठवेल तेवढे लिहून पाठवा. मी ते शेजाऱ्यांना इंग्रजीत वाचून दाखवणार आहे.

तुमची,
बेबी