कड्यालगतच्या वाटा आणि सहलीचे बेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कड्यालगतच्या थरारक वाटांवर आलेला सचित्र लेख वाचला. लेख वाचनीय आहे याबद्दल दुमत नाही. परंतु स्पेनमधील कामिनितो देल रे, उत्तराखंडातील गरतांग गली आणि नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ल्याची वाट या तिन्ही वाटा त्यात एकाच मापाने मोजल्या आहेत. दिवाळीनंतर बडोद्यातील अनेक मंडळांचे सह्याद्रीचे बेत ठरतात आणि असे लेख कात्रण करून ठेवले जातात, म्हणून या मांडणीतली एक गफलत दाखवणे मला आवश्यक वाटते. पहिल्या दोन वाटांवर देखभाल करणारे आणि माणसे मोजून सोडणारे कोणीतरी आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांवर ते काम बेत आखणाऱ्यालाच करावे लागते.

कामिनितोची वाट मुळात सहलीसाठी बांधलेली नव्हती. मालागा प्रांतात ग्वादालोर्से नदीच्या अरुंद घळीत जलविद्युत केंद्रांच्या कामगारांना आणि सामानाला ये-जा करता यावी म्हणून १९०१ ते १९०५ या काळात कड्यात लोखंडी आधार ठोकून त्यांवर जेमतेम मीटरभर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा टाकला गेला. नदी काही ठिकाणी सुमारे १०० मीटर खाली आहे. १९२१ मध्ये राजा तेरावा अल्फोन्सो धरणाच्या उद्घाटनासाठी आला असता या वाटेवरून गेला आणि तिला ‘राजाची छोटी वाट’ अशा अर्थाचे हे नाव चिकटले. पुढे देखभाल थांबली, काँक्रीट ढासळले, कुठे कुठे नुसत्या तुळया उरल्या आणि १९९९ व २००० मध्ये माणसे दगावल्यावर वाट बंद झाली. तरीही लगतच्या एल चोरोच्या चुनखडीच्या कड्यांवर प्रस्तरारोहणासाठी येणारे जाणते लोक कड्यालगत ताणलेल्या तारेला स्वतःला अडकवून तिच्यावरून जातच राहिले. आपल्या लेखासोबतचे छायाचित्र त्या काळातले आहे. मार्च २०१५ मध्ये खुली झालेली वाट नवी, लाकडी फळ्यांची, कठडा असलेली आहे. तिकिटावर वेळ छापलेली असते, शिरस्त्राण सक्तीचे आहे, चालणे एकाच दिशेने असते आणि वारा वाढला की फाटक बंद होते. लेखकाने धोका जुन्या वाटेचा सांगितला आणि तिकीट नव्या वाटेचे दिले, एवढीच माझी तक्रार. गरतांग गलीचेही तसेच आहे. नेलांग खोऱ्यातला हा कड्यावरचा लाकडी जिना १९६२ च्या युद्धानंतर बंद होता. दुरुस्ती होऊन तो ऑगस्ट २०२१ मध्ये उघडला आणि तेथे एका वेळी मोजकीच माणसे सोडतात.

आता हरिहर. खालून दिसणाऱ्या उभ्या पायऱ्यांचे छायाचित्र सर्वांना पाठ आहे, पण खरी कड्यालगतची वाट पहिल्या दरवाजाच्या पुढे सुरू होते. तेथे कातळात आडवी खाच कोरलेली आहे. डोक्यावर पुढे आलेला कातळ, एका हाताला दरी आणि मधून वाकून जायचे. पाठपिशवी फुगलेली असेल तर ती वरच्या कातळाला घासते आणि माणसाला बाहेरच्या बाजूला ढकलते. पायऱ्यांना हात रोवण्यासाठी खोबण्या तरी आहेत, पण चढणारे आणि उतरणारे यांची वाट एकच असल्याने सुट्टीच्या दिवशी दोघे मध्यावर समोरासमोर येतात आणि कोणालाच मागे सरकता येत नाही. अलंग, मदन आणि कुलंग या शेजारच्या तीन किल्ल्यांची गोष्ट याहून कठीण. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. तुटलेल्या टप्प्यांवर आज दोर लावून चढावे लागते आणि त्याआधी-नंतर दरीच्या काठाने अरुंद पावठ्यांवरून चालावे लागते.

चढाईपेक्षा हे आडवे चालणे अधिक घातक का, हे लेखात यायला हवे होते. उभ्या कातळटप्प्यावर वरून दोर असेल तर घसरलेला माणूस बहुधा जागच्या जागी लोंबकळतो. आडव्या वाटेवर तोच दोर एका टोकाला बांधलेला असेल, तर घसरणारा लंबकासारखा झोका घेऊन कड्यावर आपटतो. म्हणून तेथे वाटेच्या लांबीने दोर ताणून तो ठिकठिकाणी बांधावा लागतो. प्रत्येकाच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधायच्या सुरक्षापट्ट्याला, दोरात अडकवायचे दोन पट्टे असावेत, म्हणजे बांधणी ओलांडताना एक पट्टा सोडला तरी दुसरा अडकलेला राहतो. आणि दोन बांधण्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस असावा. अनुभवी माणूस पुढे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण शेवटचा माणूस दोर सोडवत येतो आणि पहिल्याइतकाच उघडा पडतो, याचा विसर पडतो. कातळात आधीच ठोकलेल्या जुन्या बोल्टवर भरवसा ठेवण्याचा मोह तर सर्वांनाच होतो. सह्याद्रीचा पावसाळा लोखंड किती वेगाने खातो हे ज्याने पाहिले आहे, तो आधी ते तपासतो आणि शक्य तेथे दुसरा आधार जोडतो.

बडोदेकरांच्या बेतात आणखी एक दोष असतो, तो म्हणजे शनिवार-रविवारची चौकट. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचे, वसई किंवा मुंबईला बदलून कल्याणमार्गे कसारा गाठायचे, तेथून जीपने अलंग-मदनच्या पायथ्याची आंबेवाडी, आणि झोप न झालेल्या अवस्थेत त्याच दुपारी कातळाला हात लावायचा. मुंबई-पुण्याच्या मंडळींना हे परवडते; आपल्याला नाही. पायथ्याच्या गावी एक रात्र झोप घेऊन पहाटे निघावे, यासाठी एक दिवस रजा टाकावी लागली तरी टाकावी. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या शहरात शरीरबळाचे महत्त्व कोणी सांगायला नको, पण दंड-बैठकांनी दरीच्या काठावर मन स्थिर राहत नाही. नवशिक्यांनी आधी माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेत प्रस्तरारोहणाचे प्राथमिक शिक्षण घ्यावे. पावागडच्या पायऱ्या चढून आलेला दमसास उपयोगी पडतो, पण ते शिक्षण नव्हे. कड्यांवर आग्या मोहोळ असते, तेव्हा अत्तर, धूर आणि मोठ्याने गाणी या तिन्हींना घरी ठेवावे, हेही जाता जाता सांगतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात आयोजकांची नोंदणी अपेक्षित आहे. बडोद्यातून पैसे घेऊन माणसे नेणाऱ्या आयोजकाला पालकांनी ही नोंदणी, दोर किती जुना आहे आणि किती माणसांमागे एक प्रशिक्षित प्रमुख आहे, हे विचारावे. नीट काम करणाऱ्या आयोजकाला या प्रश्नांचा राग येत नाही. अपघात झालाच तर महाराष्ट्रात गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र आहे आणि त्याचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री धावून जातात. तरी अलंगच्या कड्यावरून जखमी माणूस खाली आणायला लागणारा वेळ तासांत मोजावा लागतो.

आपणास विनंती अशी की, अशा वाटांवर पुढे लेख छापताना छायाचित्र कोणत्या वर्षीचे आहे, वाटेची देखभाल कोण करते, दोराशिवाय जाता येते की नाही आणि कोणत्या महिन्यांत जाऊ नये, एवढी चौकट सोबत द्यावी. लेखाच्या पुढील भागात अलंग-मदनचा उल्लेख येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे, तेव्हा त्यापासूनच ती सुरू व्हावी.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे