पावसाआधी घरातले जुने कागद उघडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या इतिहास मंडळाच्या जुनी मराठी लिपी शिकवणाऱ्या उन्हाळी मोडी वर्गाचा समारोप झाल्याची बातमी आपण गेल्या आठवड्यात छायाचित्रासह छापली, याबद्दल मंडळाची एक सभासद या नात्याने मी आपली आभारी आहे. बातमीत प्रमाणपत्रे वाटल्याचा आणि पाहुण्यांच्या भाषणाचा उल्लेख होता. मात्र त्याच दिवशी दुपारी, कार्यक्रम संपून खुर्च्या आवरल्या गेल्यावर शाळेच्या व्हरांड्यात जे घडले ते त्या बातमीत येऊ शकले नाही. माझ्या मते महिन्याभराच्या वर्गाचे खरे फळ तेच होते आणि त्याचा वाई तालुक्यातील प्रत्येक जुन्या घराशी संबंध आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

समारोपाच्या दिवशी घरातले जुने मोडी कागद घेऊन या, ते जागेवर वाचून दाखवू, असे मंडळाने गावोगावी कळवले होते. सकाळी फारसे कोणी आले नाही. जेवणानंतर मात्र एकेक जण येऊ लागला. कोणाकडे पिशवी, कोणाकडे लग्नपत्रिकांच्या खोक्यात घातलेल्या घड्या. शेजारच्या खेड्यातून एक आजी नातवाच्या मोटारसायकलवर पत्र्याचा डबा मांडीवर धरून आल्या. डब्यात तांबड्या फडक्यात बांधलेला लहानसा रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा होता आणि फडक्याच्या घडीत वेखंडाचे दोन तुकडे. हे वेखंड सासूबाई दर उन्हाळ्यात बदलायच्या, त्यांच्यामागे मी बदलते, एवढे त्यांनी सांगितले. आत काय लिहिले आहे हे मात्र सासूबाईंनाही माहीत नव्हते आणि आजींनाही नव्हते.

वर्गात नुकतीच मोडी शिकलेली अकरावीतली एक मुलगी त्यातला एक कागद वाचायला बसली. मोडी वाचणे म्हणजे अक्षरे ओळखणे एवढेच नव्हे. बोरूने आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत जाण्याची ही पद्धत. तिच्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ठरवावे लागते. मुलगी अडखळत होती, मागे जात होती, पुन्हा वाचत होती. अर्ध्या तासाने कागदाचा आशय उलगडला. दोघा भावांनी विहिरीच्या पाण्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटे ठरवून घेतल्याचा तो करार होता. आठ दिवसांचा फेरा, त्यात पाच दिवस थोरल्याची पाळी आणि तीन दिवस धाकट्याची, मोटेचे बैल ज्याचे त्याने आणायचे आणि गाळ काढण्याचा खर्च पाळीच्या हिशेबाने सोसायचा. खाली पाटलाची साक्ष आणि सहीच्या जागी काढलेली नांगराची निशाणी.

आजींनी त्या नांगरावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ''आमच्यात अजून बी आठ दिसांचाच फेरा हाय. आता मोटर हाय म्हणा. पर आठच का, ते कुणाला ठावं न्हवतं.''

व्हरांड्यात क्षणभर कोणी बोलले नाही. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण इतिहास माणसाच्या हाताला असा लागलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

त्या कागदावर वर्ष लिहिलेले होते ते 'समान तिसैन मया व अलफ'. जुन्या मराठी कागदांत वापरली जाणारी कालगणना म्हणजे सुहूर सन, त्याचे आकडे असे अरबी शब्दांत लिहीत. समान म्हणजे आठ, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. म्हणजे सुहूर ११९८, इसवी सन १७९७-९८. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ते वर्ष याच रीतीने 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१ असे लिहिलेले सापडते. विशेष म्हणजे हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होई आणि म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. पेरणी, जमाबंदी, गावचा हिशेब सगळे त्यावरच बेतलेले असे. उन्हाळा संपताना आपल्या मंडळाचे वर्ष आटोपते आणि नवे कार्यक्रम ठरतात, तो योगायोग असला तरी जुन्या कागदांच्या दृष्टीने नव्या वर्षाचा आरंभ हाच होता, हे वर्गातल्या मुलांना सांगताना मला फार आनंद झाला.

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येते. त्या दुपारी जितके लोक कागद घेऊन आले, त्याहून कितीतरी जास्त लोक नुसते येऊन विचारून गेले. कागद वाचायला दिला तर तो ठेवून घेणार का? जमिनीचे काही निघाले तर भाऊबंद भांडतील का? सरकारकडे जाईल का? ही भीती खुळी आहे असे कोणी म्हणू नये. तिला कारण आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात इनाम कमिशन, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणारे मंडळ, नेमले गेले, १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपले हक्क कागदांनिशी सिद्ध करावे लागले. ज्यांचे पुरावे पुरेसे मानले गेले नाहीत त्यांची इनामे गेली. कागद बाहेर काढला की काहीतरी हातचे जाते, ही समजूत तेव्हापासून घराघरांत मुरली असली तर नवल नाही. त्यातच पुढे अभ्यासासाठी म्हणून नेलेले रुमाल परत न आल्याच्या आठवणी काही घरांत आजही सांगितल्या जातात.

म्हणून मंडळाने यंदा एक नियम केला आणि तो मी येथे मुद्दाम नोंदवते. कागद मालकाच्या हातातून जाणार नाही. त्याच्या समोर, त्याच टेबलावर छायाचित्र घेतले जाईल, वाचलेला मजकूर देवनागरीत लिहून त्याची प्रत त्याला दिली जाईल आणि मालकाने नको म्हटले तर मंडळाजवळही प्रत ठेवली जाणार नाही.

वाईकरांना तरी या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, त्यातील पानिपतच्या काळातली पत्रे वाईतच मिळालेली होती. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. नदीकाठी वर गेले की मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्या घरच्या कागदांना अभ्यासक आजही मेणवली दफ्तर म्हणूनच ओळखतात. पण राजवाड्यांना जे मिळाले ते मोठ्या घरांच्या पेटाऱ्यांत होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांनी निवडून काढलेले पंचेचाळीस भाग छापले गेले, तेही बहुतांशी राज्यकारभाराचे आणि मोहिमांचे. विहिरीची पाळी, बैलाची खरेदी, देवळाच्या नंदादीपाचे तेल, मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज यांचे कागद मात्र साध्या घरांतच राहिले. ते अजून तिथेच आहेत आणि दर पावसाळ्यात कमी होत आहेत.

हे मी स्वतःच्या घरावरून सांगते. माझ्या सासऱ्यांच्या माळ्यावर एक लाकडी पेटारा होता. 'आजोबांचे कागद' एवढीच त्याची ओळख. एका वर्षी कौले शाकारायची राहिली आणि आषाढातल्या पहिल्याच झडीत माळा गळला. गणपतीची आरास काढायला वर चढलो तेव्हा पेटाऱ्यातल्या कागदांची एकसंध वडी झालेली होती. त्या शाईत काजळ आणि डिंक असल्यामुळे ओल लागताच ती पसरली होती आणि पाने एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेले की हातात फक्त पापुद्रे येत. उरलेले आम्ही रद्दीत दिले. त्या वेळी मला मोडी येत नव्हती आणि विचारायला जवळ कोणी नव्हते. त्यात काय होते हे आता कोणालाच कळणार नाही.

असे आणखी कोणाच्या घरी होऊ नये यासाठी काही साध्या गोष्टी सांगते. जुना हातकागद मजबूत असतो, त्याचे वैरी ओल, कसर आणि वाळवी हे आहेत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, कारण आत दमटपणा कोंडतो. धुतलेल्या मांजरपाटात बांधून, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावेत. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. ओले झाले तर उन्हात टाकू नयेत, सावलीत पंख्याच्या मंद वाऱ्यावर सुटे पसरावेत. आणि हात जोडून विनंती करते की कोणीही लॅमिनेशन करून आणू नये. त्या दुपारी एका गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने आणि पैसे खर्चून आपली सनद लॅमिनेट करून आणली होती. ती आता त्या आवरणातून सुखरूप निघेल अशी आशा धरता येत नाही.

बातमीत ज्याचा एका ओळीत उल्लेख होता त्या लिंबच्या सहलीबद्दलही थोडे. शेवटच्या रविवारी वर्गातली मुले आणि पालक मिळून सातारा तालुक्यातील लिंबची बारा मोटेची विहीर पाहायला गेलो. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. नाव बारा मोटांचे असले तरी सोय पंधरा मोटांची आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली गेलेले असते, म्हणून पायऱ्या आणि आतल्या महालाचे काम नीट पाहता येते. मी दुसऱ्याच कारणासाठी काठावर बराच वेळ थांबले. मोटेचा दोर जिथे घासतो तिथे दगड कसा दिसतो हे मुलांनी हात लावून पाहिले आणि पाळीचा कागद वाचणाऱ्या त्याच मुलीने मला विचारले, ''बाई, एवढ्या मोटांच्या पाळ्या कुणी लिहून ठेवल्या असतील का?'' असतील, असे मी तिला म्हटले. कुठल्या तरी घरच्या फडक्यात त्या अजून असतील, असे मला मनापासून वाटते.

शेवटी दोन विनंत्या. वर्गासाठी ज्या शाळेने खोली दिली ती जूनच्या मध्यावर सुरू होते आहे आणि मंडळाला त्यापुढे बसायला जागा नाही. एका सार्वजनिक इमारतीतील कोरडी, हवेशीर खोली कित्येक वर्षे कुलूपबंद आहे आणि आठवड्यातून एका सकाळपुरती ती मिळावी असा अर्ज आम्ही दिला आहे, त्याला अद्याप उत्तर आलेले नाही. गावातील कोणा संस्थेकडे किंवा देवस्थानाकडे अशी जागा असेल, तर रविवारी सकाळी तीन तास ती आम्हाला द्यावी. वीज आणि एक लांब टेबल एवढे पुरेसे आहे.

दुसरी विनंती आपल्या वाचकांना, विशेषतः पुण्या-मुंबईहून सुट्टीत गावी आलेल्यांना. वर्षातून एकदाच उघडणारी घरे याच दिवसांत उघडी असतात. परत निघण्याआधी एकदा माळ्यावर चढावे, पेटारा खाली घ्यावा आणि फडके सोडून पाहावे. कागद मोडीत असेल तर खोली मिळेपर्यंतचे दोन रविवार आम्ही गणपती घाटावरच्या पारावर सकाळी आठ वाजल्यापासून बसणार आहोत. पाऊस असला तर मंडळाचे सभासद घरी येऊन वाचून देतील. त्यासाठी पैसे पडत नाहीत. ही सूचना आपल्या दैनिकात चौकटीत छापली गेली तर खेड्यापाड्यांतल्या लोकांपर्यंत ती पोहोचेल.

आपली विश्वासू,
मंडळाची एक सभासद व निवृत्त शिक्षिका,
वाई, जि. सातारा