बाघचे शिंपले आणि त्यांची उंची

संपादक महोदय,

सुटी लागली की इंदूरहून धार जिल्ह्यातल्या बाघकडे जाणारी हौशी मंडळी चुनखडीतले शंख-शिंपल्यांचे जीवाश्म पिशवीभर घेऊन येतात. संरक्षित जागा सोडून बाकी ठिकाणीही उतारावर सुटा पडलेला नमुना कुठल्या थरातून घरंगळला ते कळत नाही. कालसीमा, म्हणजे दोन भूशास्त्रीय काळांमधली सीमा, ठरवायला तो कुचकामी.

तळच्या थरापासून टेप लावा. दर 20-25 सेंमीवर नमुना घ्या, वरची बाजू बाणाने दाखवा आणि उंची तिथल्या तिथे लिहा. तुरोनियन आणि कोनियाशियन या क्रिटेशस कालखंडातल्या लागोपाठच्या दोन टप्प्यांमधली सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीची सीमा इनोसेरॅमिड या नामशेष गटातल्या शिंपल्याच्या एका प्रकाराच्या पहिल्या हजेरीवरून धरतात. म्हणून खालच्या थरात तो नाहीच, असं म्हणायचं तर तिथेही तेवढाच वेळ शोधायला हवा. बहुतेक चुका इथेच होतात. झिजलेले, गोलसर तुकडे जुन्या थरातून वाहून आलेले असू शकतात, ते वेगळे ठेवा.

साफसफाईला आम्ल नको. दगडाबरोबर शिंपलाही विरघळतो. सुई आणि ब्रश पुरे. तिथल्या ‘कोरलाइन’ (प्रवाळी) चुनखडीचं नाव मात्र फसवं आहे: जाळीदार दिसतात ते प्रवाळ नव्हेत, ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीने राहणारे सूक्ष्म जलचर.

– एक भूशास्त्र अभ्यासक, इंदूर