संस्था बंद झाली, मग नोंद कुणाकडे?

महोदय,

अंबाजोगाईतील एका खासगी प्रशिक्षण संस्थेत मी २६ वर्षे लिपिक होतो. प्रवेशाचे रजिस्टर माझ्याकडे असे. नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून अक्षर न् अक्षर उतरवायचे आणि प्रमाणपत्र छापण्याआधी विद्यार्थ्याला वाचून दाखवायचे, हा माझा नेम. एका वेलांटीपायी आधारशी नाव जुळत नाही आणि पोरांना तहसीलच्या चकरा माराव्या लागतात. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास घरेच्या घरे ऊसतोडीला जातात. कितीतरी प्रमाणपत्रे कपाटात पडून राहत. ती मी गुढीपाडव्यानंतर, माणसे परतली की निरोप धाडून देत असे.

परवा केज तालुक्यातली एक मुलगी आली. दुसऱ्या एका संस्थेत शिवणकाम शिकलेली. प्रमाणपत्र वाळवीने खाल्ले, संस्था बंद पडली, रजिस्टरे रद्दीत गेली. "काका, आता मागू कुणाला?" मला उत्तर देता आले नाही. रात्रभर तेच डोक्यात होते.

डिजिलॉकर २०१५ साली आले. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात. पण गल्लीतल्या छोट्या क्लासच्या नोंदीला असा आसरा नाही. संस्था बंद करण्याआधी तिची रजिस्टरे जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जमा करणे आणि त्यांची स्कॅन प्रत ठेवणे सक्तीचे करावे. दुय्यम प्रत तिथूनच मिळावी. रजिस्टरे नीट लावून द्यायला माझ्यासारखे निवृत्त लिपिक विनामोबदला येतील. मी तर उद्याच येतो.

– एक निवृत्त लिपिक, अंबाजोगाई