पाळीव कुत्रीची नसबंदी गरिबाच्या आवाक्यात कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही घरच्या कुत्रीची नसबंदी करून घेतली. आधीची रक्ततपासणी, भूल, शस्त्रक्रिया, सलाइन, पाच दिवसांची इंजेक्शने आणि तिने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची नरसाळ्यासारखी कॉलर, असे सगळे मिळून नऊ हजार चारशे रुपये लागले. मी निवृत्त शिक्षिका आहे, दरमहा निवृत्तिवेतन मिळते, म्हणून ही रक्कम मला देता आली. मात्र आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी बिलाचा आकडा ऐकला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यांच्या दारातल्या कुत्रीचे दीड वर्षात हे दुसरे वेत असून या खेपेला तिला सात पिल्ले झाली. चार घरची कामे करून त्यांच्या हातात महिन्याकाठी जे पडते, त्यातले बहुतेक सगळे पैसे एका कुत्रीच्या ऑपरेशनला घाला, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

हे पत्र पशुवैद्यकांविरुद्धची तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करते. नराचे ऑपरेशन तुलनेने लहान असते. मादीचे मात्र पोट उघडून बीजांडकोश आणि बहुधा गर्भाशयही काढावे लागते, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, भुलेच्या औषधाचे प्रमाण वजनावर ठरते आणि कुत्री माजावर असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आमच्या डॉक्टरांनी एकेका गोष्टीचा खर्च समजावून सांगितला आणि त्यांतली एकही मला अनावश्यक वाटली नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला वस्तू व सेवा कर लागत नाही, म्हणजे कर कमी करून हे बिल फारसे उतरेल अशीही शक्यता नाही. चांगली, सुरक्षित शस्त्रक्रिया करायची तर खर्च येणारच. प्रश्न आहे तो हा सगळा भार एकट्या मालकाने उचलावा का, हा.

ज्यांना तो उचलता येत नाही, त्यांच्यातले काही जण माज टाळण्यासाठी हार्मोनचे इंजेक्शन देऊन आणतात. ते स्वस्त पडते, पण त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो आणि तो आजार झाला की तातडीची, नसबंदीपेक्षा कितीतरी महाग शस्त्रक्रिया करावी लागते. ती वेळेवर झाली नाही तर कुत्री दगावते. याउलट योग्य वयात नसबंदी झालेल्या मादीला हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही बराच घटतो. (मोठ्या जातीच्या कुत्र्यांत सांध्यांच्या वाढीचा विचार करून ऑपरेशन थोडे उशिरा करावे, असे हल्ली सुचवले जाते, म्हणून वय डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.) इतर अनेक घरांत यातले काहीच होत नाही. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, नऊ आठवड्यांनी विते, आणि पिल्ले डोळे उघडून पळू लागली की रात्री कोणीतरी ती पोत्यात घालून मंडईमागे किंवा कालव्याच्या कडेला सोडून येते.

आता कायदा पाहू. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम’ नव्याने अधिसूचित केले. त्यांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे; पाळीव प्राण्याचे जंत-औषध, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, कारण जो पाळतो त्याने निभवावे. परंतु यातून एक मोठा वर्ग निसटतो. वस्तीतल्या दारापुढची, वीटभट्टीवरची, शेतावरच्या वस्तीला राखण करणारी, शिळी भाकरी खाऊन राहणारी कुत्री कागदोपत्री पाळीव ठरते, कारण तिला नाव असते आणि तिला खाऊ घालणारे माणूस असते. प्रत्यक्षात तिला ना पट्टा असतो ना परवाना, आणि तिच्यासाठी हजारो रुपये मोजणारे कोणी नसते. तिची पिल्ले रस्त्यावर आली की मात्र तीच पालिकेची जबाबदारी होतात.

मावशींच्या कुत्रीसाठी मी स्वतः आमच्या गावच्या पालिकेत चौकशीला गेले. मालक असलेल्या कुत्रीसाठी योजना नाही, असे मला सांगण्यात आले, आणि पुढे अगदी सद्भावनेने असेही सुचवण्यात आले की, तिला चार दिवस मोकळी सोडा, गाडी आली की उचलून नेतील आणि ऑपरेशन करून, कानाला खूण करून परत सोडतील. तो सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. परंतु कुत्री आपली नाही असे म्हटल्यावरच तिच्यावर मोफत उपचार होत असतील, तर ती टाकून देण्यालाच आपण बक्षीस देत आहोत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणे हा त्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. एकीकडे पन्नास रुपयांचा दंड, तोही क्वचितच होणारा, आणि दुसरीकडे नऊ हजारांचे बिल. हातावर पोट असलेले कुटुंब काय करील, हे सांगायला नको.

माझी विनंती पशुसंवर्धन विभागाला आणि जिल्हा परिषदेला आहे. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. बैलांचे खच्चीकरण, ज्याला गावाकडे बैल बडवणे म्हणतात, ते तिथे वर्षानुवर्षे नाममात्र शुल्कात होत आले आहे. मग कुत्रीचे ऑपरेशन तिथे का होऊ नये? अडचणी मला दिसतात. बहुतेक दवाखान्यांत शस्त्रक्रियेची खोली धड नसते आणि एकेका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे अनेक गावे असतात. म्हणून रोज नव्हे, तर महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घ्यावे. आमच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर येथेही आहेत. तिथल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी अशा शिबिरांत आले, तर त्यांचाही हात बसेल. आज कोणी कुत्री घेऊन महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे ठरवले, तरी जाण्यायेण्याला टेम्पो किंवा रिक्षा ठरवावी लागते आणि दोन दिवसांच्या कामाचा खाडा होतो. शुल्क कमी असले तरी एकूण खर्च कमी होत नाही. म्हणूनच सेवा माणसांच्या जवळ यायला हवी.

पिवळ्या शिधापत्रिकाधारकांना हे ऑपरेशन मोफत, केशरीवाल्यांना निम्म्या दरात आणि माझ्यासारख्यांना पूर्ण दराने मिळावे. पैसे अपुरे असतील, तर आधी माद्या घ्याव्यात, कारण एक नर सुटा राहिला तरी तो परिसरातल्या सगळ्या माद्यांना पुरेसा असतो, पण ऑपरेशन झालेली प्रत्येक मादी पुढची अनेक वेते थांबवते. त्याच वेळी रेबीजची लसही टोचता येईल. ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य आजार दिनानिमित्त अनेक सरकारी दवाखाने ती मोफत देतात, तेव्हा लोक रांगा लावून कुत्री आणतात, हे मी पाहिले आहे. लोकांना जनावराची काळजी नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या रांगेत एकदा उभे राहावे.

मावशींच्या कुत्रीचे ऑपरेशन आम्ही तीन कुटुंबे मिळून करणार आहोत. पिल्लांचे दूध तुटून तिचे अंगावरचे दूध आटले की घेऊन या, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सातांपैकी तीन पिल्लांना घर मिळाले. त्याच गल्लीत आणखी चार माद्या आहेत आणि त्यांतल्या दोन सध्या गाभण आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा